बोथट नसलेला विळा

"एक दिन मी बाजारमा नही दिसनू, तं कोन इचारी, जब्बार कठे गया?"

म्हसावदचा जब्बार शिकलगार हे एकदाच बोलला, तेही जेवताना, ताटात बघत. पण त्याच्या पोरीच्या, अलमासच्या, मनातून ते जाईना.

जब्बार विळ्या-कुऱ्हाडींना धार लावतो. पायाने फिरवायचं चाक, त्याला दगड, वर थेंब थेंब गळणारा पाण्याचा डबा. हे सगळं जीपच्या टपावर बांधून तो घाट चढतो आणि मोलगीच्या आठवडी बाजारात एका भिंतीला पाठ लावून बसतो. अलमास जन्मायच्या आधीपासून भिंत तीच. गेल्या महिन्यात चाक फिरवता फिरवता तो तिथेच आडवा झाला. जीपवाल्याने कांद्याच्या पोत्यांवर निजवून त्याला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, छातीला आता हे चाक झेपायचं नाही. अलमासच्या आईने, चांदबीने, तेव्हापासून एकच धोशा लावला होता.

"बस झायं आते. गावमा लावा धार."

"गावमा विळाले कोन इचारस? आते तं भाजी बी कापेल मिळस."

"मंग मोलगीले कोन वाट दखी ऱ्हायना तुमनी? तठे मशीनवाला ऊना शे. त्यानाकडे लाईटवर धार व्हस, पाय हलावना नही पडस."

यावर जब्बार ते वाक्य बोलला होता.

अलमास शहाद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांना एक सॉफ्टवेअर दिलं होतं. त्यात पडद्यावर माणसं बनवायची. माणसं म्हणजे रंगीत ठिपके. प्रत्येकाला दोन-तीन नियम द्यायचे, गर्दी झाली की बाजूला हो, शेजारी पळाला की तूही पळ, असले, आणि सोडून द्यायचं. मग ते एकमेकांना बघून आपापलं वागत राहतात. अफवा कशी पसरते, रांग कुठे मोडते, बाजार कुठल्या बाजूला सरकतो, ते त्यावरून कळतं, असं सर म्हणाले होते. अलमासने मोलगीचा बाजार घेतला होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी चाक दाराशी बांधून तयार होतं आणि चांदबी उंबऱ्यात आडवी बसली होती. जीप यायला वेळ होता. अलमासने लॅपटॉप उघडला.

"अब्बा, कोन इचारी ते दखनं शे का?"

जब्बार जवळ येऊन बसला. समजावून घेतलं, अर्धं समजलं. म्हणाला, "कोनी बी मन्हा जागावर येईसन थांबनं तं मी जासू. नही तं चाक भंगारमा."

अलमासला हेच हवं होतं. तिला बाप घरात हवा होता, आणि हे आपल्या तोंडाने सांगण्यापेक्षा पडद्याने सांगितलेलं बरं.

तिने सोपे नियम केले होते. प्रत्येक ठिपक्याकडे एक विळा. विळा हळूहळू बोथट होतो. पुरता बोथट झाला की ठिपका भिंतीपाशी, जब्बारकडे येतो. तिने जब्बारचा ठिपका पुसला आणि बटण दाबलं. भिंतीकडे निघालेले ठिपके जरा घुटमळले, मग मशीनवाल्याकडे वळले. बाजार चालू राहिला.

"बस? इतलंच?"

"दखा," चांदबी उंबऱ्यातून म्हणाली, "कोनी गळा काढी नही ऱ्हायनं."

"परत कर."

पुन्हा केलं. या वेळी काही ठिपके बराच वेळ भिंतीभोवती फिरले, एक-दोन तर आल्या वाटेने परत गेले.

"योच बाजार, याच मानसं. मंग येगळं कसं व्हयनं?"

"थोडं नशीबवर सोडेल ऱ्हास, अब्बा."

"कोना नशीबवर?"

 हे अलमासला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आनि त्या माले कितला दिन याद ठेवतस?"

"तो आकडा मी टाकस. तीन बाजार टाकेल शे."

"तीन कसाले?"

"असाच. तुम्हीच सांगा, कितला टाकू?"

"माले मालूम ऱ्हातं तं तुले कसाले इचारतू?"

तो चिडला नव्हता. त्याने पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग जब्बारने विचारलं, "यामा दिवाल्या कोनता?"

दिवाल्या म्हणजे मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा म्हातारा. तो दर बाजारी येऊन जब्बारपुढे विळा ठेवतो. विळ्याला धार असतेच. दर आठवड्याला दगडावर धरला तर त्याची एव्हाना तार उरली असती. म्हणून जब्बार नुसतं चाक फिरवतो, विळा दगडापासून बोटभर लांब धरतो आणि परत देतो. दिवाल्या अंगठा फिरवून बघतो, मान हलवतो. फडक्यातून भाजलेला मका काढतो. जब्बार खिशातून शेंगा काढतो. जीप सुटेपर्यंत दोघं खात बसतात.

"मंग तो येस कसाले?" अलमासने विचारलं.

"माले काय मालूम."

"इतला वरीसमा इचारं नही?"

"कोनती बोलीमा इचारू? त्याले मन्ही येत नही, माले त्यानी येत नही."

अलमासने एक नवा ठिपका केला. त्याला बोथट होणारा विळा दिला नाही. एकच नियम दिला: जब्बारकडे जा. जब्बार असताना तो ठिपका आला, थांबला, संध्याकाळी गेला. मग तिने जब्बारला पुसलं.

बाकीचे मशीनवाल्याकडे वळले. हा भिंतीपाशी आला. जरा डावीकडे सरकला, जरा उजवीकडे, आणि तिथेच थरथरत राहिला. पडद्यावरची संध्याकाळ झाली, बाजार रिकामा झाला. पुढचा बाजार भरला. तो तिथेच.

चांदबी उठून मागे येऊन उभी राहिली होती. "यो घर का बरं नही जाई ऱ्हायना?"

अलमासला कारण ठाऊक होतं. ते सांगितलं नाही तर अब्बा चाक उचलून निघणार होता. आणि पडद्याने खोटं सांगितलं म्हणून तो घाटात मेला असता तर? तिने सांगून टाकलं.

"अब्बा, ती मन्ही चूक शे. तुम्ही नही दिसनात तं त्यानी काय करनं, ते मी लिखंच नही. म्हनीसन अडकना शे. तो वाट नही दखी ऱ्हायना."

"मंग लिख."

तिने बोटं ठेवली. दिवाल्या येतो. भिंतीपाशी कुणी नाही. मग मशीनवाल्याकडे जा? कशाला, विळा तर धारेचा आहे. घरी जा? मग आला कशाला होता? तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चूक तर दिसत होती, पण तिच्या जागी बरोबर काय बसवायचं ते दिसत नव्हतं. ठिपका थरथरत होता.

"काय लिखू, अब्बा?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जब्बारने पडद्याकडे पाहिलं. मग उठला, कोपऱ्यातल्या डब्यातून दोन मुठी शेंगा काढून खिशात भरल्या आणि चपला घातल्या. दाराशी बांधून ठेवलेल्या चाकाला वळसा घालून तो अंगणात उतरला.

"अजी, चाक ऱ्हायनं ना!" चांदबी ओरडली.

तो जीपकडे चालत गेला.