अध्यक्षांना आणायला गेलेली जीप

एखाद्या बिघाडावर सभेत हात वर करण्याआधी तुम्ही तो बिघाड स्वतःच्या कानांनी ऐकला होता का? आमच्या गावच्या मंडळाला मी हा प्रश्न तोंडावर विचारला, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

आमचं गाव बेळगुंदीच्या पलीकडे. मंडळ म्हणजे सीमाभागात मराठीसाठी भांडलेल्या माणसांचं मंडळ, आणि त्याची एक जीप. जीप माझ्या जन्माआधीची. टपावर भोंगे बांधायच्या लोखंडी पट्ट्या अजून आहेत. तिच्यातून वाटलेल्या पत्रकांवर मी अक्षरं ओळखायला शिकले. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. तेव्हा मंडळाची भाषा मला परकी नाही. त्यांनीच शिकवलेल्या शब्दांत मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

मोर्चे कमी झाले तशी जीप चिंचेखाली गंजत पडली. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, ती मागून घेतली आणि चालती केली. गावातल्या मुलींना सकाळी बेळगावच्या मराठी हायस्कूलला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे तिचं काम. शाळेच्या वेळेला पोचवणारी बस आमच्याकडे येत नाही. जीप बंद झाली तर मुली घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीला पाहायला पाहुणे किती लवकर येतात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर इंजिनातून टकटक यायला लागली. पत्र्यावर कुणी नखाने टिचक्या मारतंय अशी. कधी यायची, कधी नाही. एका मुलीच्या आईने ती ऐकली आणि फाटकातच उभी राहिली.

“आवाज करत्या गाडीत न्हाय धाडत मी पोरीला,” ती म्हणाली. “माळावर बंद पडली तर कोण हाय?”

त्या दिवशी मुलगी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची राहिली.

आणि गावाला इंजिन कळायला लागलं. कट्ट्यावर बसून, बॉनेट न उघडता. एकाच्या मते टॅपेट ढिले झाले होते, दुसऱ्याच्या मते बेअरिंग गेलं होतं. तिसऱ्याने सांगितलं, बाईमाणसाचा पाय क्लचवर पडला की असंच होतं. क्लचचा आणि ह्या आवाजाचा काय संबंध, असं आक्काने विचारलं.

“संबंध न्हाय कसा? गाडी एकच की,” तो म्हणाला. ह्या माणसाने आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवलेली नाही.

मग अध्यक्षांनी सांगितलं, निपाणीला आमचा पाव्हणा आहे, त्याला जुन्या गाड्यांतलं लई कळतं. तो जुन्या गाड्या विकत घेतो आणि तंबाखूची पोती वाहायला लावतो, हे त्यांनी सांगितलं नाही. आक्का जीप घेऊन, एवढा हायवे तुडवून निपाणीला गेली. पाव्हण्याने चालू इंजिनाशी कान नेला. आवाज येईना. त्याने मान हलवली.

“आवाज येत न्हाय, म्हणजे रोग आत गेलाय. काढून टाका. दुसरं कोण घेणार? मीच घेतो, तुमच्यासाठी.”

‘तुमच्यासाठी’ म्हणताना तो टायर दाबून बघत होता.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट सभेशिवाय खरी होत नाही. विहिरीचं पाणी गढूळ झालं तरी आधी निषेधाचा ठराव, मग गाळ. तेव्हा जीप विकावी की ठेवावी, ह्यावर एका रविवारी देवळापुढे सभा बोलावली. आवाज सगळ्यांनी मिळून ऐकायचा आणि ठराव करायचा.

अध्यक्ष आता पिरनवाडीला नव्या घरात राहतात. त्यांच्याकडे स्कूटर आहे. पण अध्यक्षांनी सभेला मंडळाच्या जीपमधूनच यायचं, पुढच्या सीटवर बसून, ही पहिल्यापासूनची रीत. म्हणून ज्या जीपची चौकशी होती, तीच जीप पिरनवाडीला जाऊन अध्यक्षांना घेऊन आली. एकालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही.

बॉनेट उघडलं. सगळे हात मागे बांधून वाकले. इंजिन शांत, लयीत चाललं होतं.

“कुठाय आवाज?” अध्यक्ष म्हणाले.

“सकाळी होता,” आक्का म्हणाली.

“सकाळी आमी न्हवतो.”

“तेच म्हणते मी.”

“पोरीस्नी भास झाला असंल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

एका म्हाताऱ्या सभासदाने हळूच विचारलं, आवाजच नाही तर विकायची कशाला? अध्यक्षांनी त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं.

“आप्पा, आवाज येतो तवा धोका. येत न्हाय तवा जास्त धोका.”

टाळ्या पडल्या. जीप निपाणीच्या पाव्हण्याला द्यावी, कागदांवर अध्यक्षांनी पुढच्या सभेत सही करावी, असा ठराव एकमताने झाला. माझा प्रश्न मी तेव्हाच विचारला आणि चहा आला. चहानंतर पुढचा विषय घेतला: मराठी शाळांत मुलं कमी होत आहेत, त्याबद्दल तीव्र चिंता. तोही एकमताने. मग अध्यक्षांना त्याच धोकादायक जीपमधून घरी सोडलं.

परत येताना मी आक्काला म्हणाले, “इतक्या लोकांतल्या एकानेही आवाज ऐकला नाही.”

“कसा ऐकतील? साहेबांना आणायला गेली की गाडी तापते आणि...” ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, “निपाणीतबी तापलेलीच होती गं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच, इंजिन गार असताना, मी पाण्याच्या पाईपचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनाभोवती. आक्काने चावी फिरवली. टकटक लगेच सुरू झाली. वर टॅपेटच्या झाकणाजवळ ती दूर होती, खाली बेअरिंगच्या बाजूला कुठेच नव्हती. धुराचा पाईप इंजिनाला जिथे जोडलाय तिथे टोक नेलं, तर आवाज थेट कानात शिरला. हात जवळ नेला तर प्रत्येक टिचकीला गरम हवेची फुंकर लागत होती. सांध्यावर काजळीचा काळा फराटा होता. सभेत वाकलेल्यांपैकी नीट बघणाऱ्या कुणालाही तो दिसला असता. थोड्या वेळाने इंजिन तापलं आणि आवाज विरत गेला.

सांध्याचा एक बोल्ट तुटला होता आणि आतलं पॅकिंग जळलं होतं. थंड असताना फटीतून धूर टकटक करत बाहेर यायचा, लोखंड तापून फुगलं की फट बुजायची. बेळगावात मुलींची शाळा चालू असतानाच बोल्ट आणि पॅकिंग बदलून झालं. रोग आत गेला नव्हता. तो बाहेरच्या बाजूला, डोळ्यांसमोर होता.

पुढच्या सकाळी ती फाटकातली आई आली. तिने आक्काला गाडी गार असतानाच चालू करायला लावली, बॉनेटपाशी उभी राहून ऐकलं आणि मुलीला म्हणाली, “बस जा.” अख्ख्या गावात इंजिन ऐकायला सकाळी चालत आलेलं माणूस हे एवढंच.

मंडळाला कळवलं. उत्तर आलं, ठराव मंजूर झालाय, फिरवायचा तर परत सभा. बरं, बोलवा सभा. रविवार आला, अध्यक्षांचा फोन आला: जीप पाठव.

“न्हाय पाठवत,” आक्का म्हणाली. “इंजिन गार ऐकायचं हाय. तुमी स्कूटरवरनं या.”

ते आले नाहीत. अध्यक्ष नाहीत म्हणून सभा नाही, सभा नाही म्हणून सही नाही. त्यानंतर दोनदा सभा ठरली, दोन्ही वेळा त्यांनी जीप मागितली, दोन्ही वेळा आक्काने तेच सांगितलं. निपाणीचा पाव्हणा वाट बघतो आहे. मुली शाळेत जात आहेत, आणि त्या जात आहेत ते एका माणसाला स्कूटरवरून उतरताना दिसायचं नाही म्हणून. मराठीसाठी उभ्या राहिलेल्या मंडळाच्या ह्या भागात मराठी शाळा अशा मानापानावर टिकते, ह्याची मला किळस येते.

ज्या दिवशी अध्यक्ष हट्ट सोडतील त्या दिवशी सही होईल. म्हणून हे वाचणाऱ्यांत मंडळाचे सभासद असतील, किंवा सभासदांचे भाऊ, मुली, सुना असतील, त्यांना सांगते: पुढच्या सभेच्या रविवारी सकाळी, एरवी मुली गाडीत बसतात त्या वेळेला, चिंचेखाली या. पायी या, नाहीतर स्वतःच्या वाहनाने या. आक्का तुमच्यासमोर गार इंजिन चालू करेल. ते ऐका, आणि मग देवळापुढे जाऊन तो ठराव रद्द करायला हात वर करा.