मिरकरवाड्याची बाटली

"ही आमची मिरकरवाड्याची बाटली. हवी तेव्हा उघडायची."

असं म्हणून मॅडमनी माझी बाही कोपरापर्यंत वर केली. पुण्याहून आलेले पाहुणे हसले. मीही हसले. ते हसू अजून तोंडाला चिकटून आहे, खरवडलं तरी जात नाही.

रत्नागिरीत मॅडमच्या खाजगी प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. दोन हजार दोन साली लागले. बी.एस्सी. झालेली, आमच्या गल्लीतली पहिली. घर मिरकरवाड्यात, मासळीच्या बंदरावर. अब्बा ट्रॉलरवर खलाशी, अम्मी जेटीवर मासळीची टोपली घेऊन बसते. मुलगी पांढरा कोट घालते म्हणून ती गिऱ्हाइकाला एखादा बांगडा जास्तच घालायची.

काम तापावरचं. भाताच्या चिखलात राबणाऱ्यांना उंदरांमुळे होतो, तो ताप. काही माणसं त्यातून उठतात, काही नाही. असं का, ते मॅडम शोधत होत्या. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर जन्मतःच पहारेकरी बसलेले असतात. जंतू कधी पाहिलेला नसला तरी ते त्याला ओळखतात. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून परदेशातून चमकणारी प्रतिपिंडं यायची, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. ती नेमकी त्या पहारेकऱ्यांनाच जाऊन चिकटतात. मग अंधाऱ्या खोलीत, निळ्या उजेडात, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरवी चमकते. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं.

नवी कुपी आली की आधी निरोगी रक्तावर तपासून बघायची. लॅबमधल्यांनी आळीपाळीनं रक्त द्यायचं, अशी रीत. आमच्याकडे पाळी माझ्यावर आली आणि तिथेच बसली. मॅडम म्हणायच्या, "आमचं रक्त उपासतापासाचं. तुम्ही मासे खाणारी माणसं, तुमचं कसं लालबुंद!" जेटीवर मासा घेताना कल्ले उघडून बघतात, तशी त्या माझी पापणी खाली ओढून बघायच्या.

मला एकच हवं होतं. ते हिरवं बघायचं होतं, ते काम शिकायचं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, वर्षभर थांब, शिकवते. थांबले. काचा धुतल्या, फरशी पुसली, हात पुढे केला. दुसरं वर्षही सरलं.

त्या पाहुण्यांमध्ये एक विद्यार्थिनी होती. माझ्याच वयाची. सकाळी माझं रक्त काढलं, संध्याकाळी त्याची काचपट्टी तयार झाली. मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"अय्या, किती सुंदर!" ती आतून ओरडली.

ते माझं होतं. माझ्या अंगातलं. मी दारात उभी. धीर करून विचारलं, "मॅडम, मी बघू?"

"तू नको गं. डोळे लावायचे तिथे वास राहतो. नंतर आम्हाला बसवत नाही."

मी रोज दोनदा आंघोळ करायची. नखांत लिंबू चोळायची. तरी वास. रक्ताला मात्र वास नव्हता. नाकंसुद्धा किती शहाणी असतात!

घरी सांगितलं. अम्मी सुरमई साफ करत होती, हात थांबला. "रगत तुझा घेतलान ना? मग दाखवायला तिचा काय जातंय?"

त्या रात्री मी जेवले नाही. राग मॅडमचा नव्हता, माझाच. माझ्या पेशी न शिकवता शत्रू ओळखत होत्या, आणि मी मॅडमना वाढदिवसाला फुलं देत होते.

पुढची कुपी आली. मॅडमनी सुई हातात घेतली. "हात."

मी बाही खाली घेतली. बटण लावलं.

"आज तुमचं घ्या."

"काय म्हणालीस?"

"तुमचं रक्त घ्या. माझं हवं असेल तर आधी मला दाखवायचं कबूल करा."

त्या चिडल्यासुद्धा नाहीत. सुईला टोपण लावलं. "तुझ्यासारख्या मिरकरवाड्यात ढिगानं मिळतील. उद्यापासून येऊ नकोस."

आणि मिळाली की. माझीच मावसबहीण, रुकय्या. आता ती तिथे जाते. मी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. बर्फाच्या पाण्यात बोटं फुगतात, सालटी निघतात. अब्बा माझ्याशी बोलत नाहीत. आणि अम्मी, जिनं तो प्रश्न विचारला होता, तीच परवा म्हणाली, "देत ऱ्हायली असतीस रगत, तर काय मरनार व्हतीस?"

मी सालटी निघालेल्या बोटांना तेल चोळत बसले. सांगून तिला कळणार नाही असं वाटलं.

काल रुकय्या आली. कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला. मी विचारलं, "दाखवलान काय तुला?"

"काय?"

"तुझा रगत. कसा चमकतो तो."

"रगत काय बघायचा?" ती हसली. माझंच हसू होतं ते.

मी उद्याही विचारणार. परवाही. ती शिव्या देईपर्यंत विचारणार. ती काम सोडायची नाही, मला ठाऊक आहे. मॅडम दाखवायच्या नाहीत, तेही ठाऊक आहे. माझी नोकरी गेली, ती परत येणार नाही. पण ज्या खोलीत माझ्या डोळ्याला मज्जाव, त्या खोलीत माझ्या रक्ताचा थेंब जाणार नाही. ही बाही यापुढे दुसरं कुणी वर करणार नाही. करायची तर मी करीन.