मागच्या चाकांवरचं वजन

माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं, त्यात वैशाखाचं ऊन. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांतून अमरावती-अकोल्याकडे माल नेणं हा माझा रोजचा धंदा. तिकडचे सगळे वजनकाटे ओळखीचे. सीमेपलीकडे छत्तीसगडात मात्र मी पहिल्यांदाच निघालो होतो. छोट्या ट्रकमध्ये काळ्या दगडाची बुद्धमूर्ती, तिच्या आसनाचे दगड आणि मूर्ती हलू नये म्हणून चहूबाजूंनी वाळूच्या गोण्या. मागून जीपमध्ये नागपूरच्या विहारातली माणसं येत होती. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला मूर्ती बसवायची होती, जीपमधल्या एका मावशींच्या माहेरगावी.

मूर्ती अगदी मागे, फाळक्याजवळ, तोंड मागे करून ठेवायची, हा हट्ट त्याच मावशींचा. "रस्ताभर चेहरा दिसला पायजे आमाले," त्या म्हणाल्या. मी कुरकुरलो, पण ठेवली. निघताना वाडीच्या काट्यावर वजन बरोबर भरलं. पावती खिशात टाकली आणि निर्धास्त झालो.

सीमेपलीकडच्या पहिल्याच काट्यावर हात आडवा आला. "पीछे ज़्यादा है, उतारो." मी पावती नाचवली. तिथल्या कारकुनानं ती शांतपणे परत दिली. अख्ख्या गाडीचं वजन ठीक होतं, पण मागच्या एक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त भार पडत होता. तो कमी केल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती. आमच्या काट्यांवर गाडी एकदम उभी राहायची, एकच आकडा यायचा. इथं पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलत होते. असला कसला नियम, म्हणून मी आवाज चढवला. त्यानं भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. तिथं सगळं लिहिलेलं होतं.

मावशी जीपमधून उतरून आल्या. "काहून थांबवलं गा?"

"मागचं वजन उतरवा म्हणते."

"मंग मूर्ती काय तुकडे करून उतरवाची हाये?" त्यांचा आवाज चिरकला. "उद्या पुन्नव हाये, बापू. गाव वाट पाहून राहिलं."

मूर्ती पुढे सरकवायला क्रेन हवी आणि आसपास क्रेन नव्हती. शेवटी म्हटलं, मूर्ती हलत नाही, तर बाकीचं हलवू. सगळ्यांनी मिळून आसनाचे दगड केबिनच्या पाठीशी नेले. दगड इतके तापले होते की बायांनी पदर हाताला गुंडाळले. पुन्हा काट्यावर गेलो. तरी थोडं जास्तच.

आता उरल्या होत्या वाळूच्या गोण्या. त्या मागून काढल्या तर मूर्तीला आधार कशाचा?

"काढ गोण्या," मावशी म्हणाल्या.

"मूर्ती पडली तं?"

"तू हळू चालव. आमी मागून पाह्यतो. कलली तं हॉर्न वाजवू."

गोण्या पुढे गेल्या. त्यांच्या जागी जीपमधल्या गोधड्या कोंबल्या, दोर दुहेरी आवळले. तिसऱ्यांदा काट्यावर चढलो. कारकुनानं आकडा पाहिला आणि जा म्हणून हात केला. कुणी आनंदानं ओरडलं नाही. खरी भीती तर आता सुरू होत होती.

पुढचा सगळा रस्ता माझा जीव कानांत होता. प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखायचो. एकदा मागून हॉर्न वाजला आणि मी ब्रेक दाबला, पण ती दुसरीच गाडी होती, पुढे निघून गेली. गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. स्टिअरिंगवरून माझी बोटं सुटेनात.

सकाळी गावानं मागवलेल्या क्रेननं मूर्ती आसनावर बसली. गावकऱ्यांची वंदना चालू असताना मी बाहेर दोर गुंडाळत होतो. मावशी शोधत आल्या.

"चेहरा पाह्यला काय गा?"

मी हो म्हणणारच होतो. वाडीपासून मी दोर पाहिले होते, गोण्या पाहिल्या होत्या, चाकं आणि आकडे पाहिले होते. मूर्तीच्या मागेपुढे इतक्यांदा फिरलो, पण मान वर करून पाहिलंच नव्हतं. मावशींनी मनगट धरून मला आत नेलं आणि समोर उभं केलं.

"आता पाह्य," त्या म्हणाल्या, "आता नाही पडत."

मी पाहिलं, आणि इतक्या माणसांसमोर मला रडू आवरेना.