रत्नागिरीच्या शिमग्यात ब्लॅक मेटल

"ताई, मला ओरडायला जागा हवी आहे," माझा धाकटा भाऊ निरंजन एका रविवारी जेवताना म्हणाला, आणि आईच्या हातातला आमटीचा डाव तसाच हवेत राहिला.

ही २००६ सालची गोष्ट. निरंजन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाच्या नावाखाली ब्लॅक मेटल करत होता. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही ते सुखी आहेत, तरी सांगते. गिटार मोहोळ उठल्यासारखी वाजते, गाणारा घसा खरवडून किंचाळतो आणि चेहरे मढ्यासारखे पांढरे-काळे रंगवतात. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र निरंजन कीबोर्डवर संथ, जुनाट काहीतरी वाजवायचा. ओसाड किल्ल्याच्या तळघरात कुणी एकटंच बसलंय, असं वाटायचं. त्याला डंजन सिंथ म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. सगळी गाणी एका काल्पनिक राज्याची. त्याचा नकाशाही त्याने काढला होता, त्यात बर्फाचे डोंगर होते. आमच्या घराण्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला.

"देव मानत नाहीस, मग हे देवळात बसल्यासारखं का वाजतं?" मी एकदा विचारलं होतं.

"देवासमोर अंगावर काटा येतो ना, तेवढाच हवाय मला," तो म्हणाला. "बाकीचं तुम्ही ठेवा."

अडचण एकच होती. अल्बमचं वाजवून सगळं तयार होतं, पण शेवटच्या गाण्यात आवाज नव्हता. कुणी ऐकतंय असं कळलं की निरंजनचा घसा मिटायचा. घर रिकामं असलं तरच त्याला किंचाळता यायचं आणि हल्ली आमचं घर कधी रिकामं नसायचं. जूनपासून बंगळूरला नोकरी, तिथे पाच जणांबरोबर एक फ्लॅट. "आता नाही झालं, तर मग कधीच होणार नाही," असं तो म्हणाला तेव्हा पहिल्यांदाच मला त्याची चेष्टा करवली नाही. मी बँकेतून चार दिवस रजा काढली. रत्नागिरीला किल्ला आहे आणि मोकळा समुद्र, म्हणून तिथे जायचं आणि कव्हरचे फोटो मी काढणार, असं ठरलं.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडलीत तर कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट करत संध्याकाळी रत्नागिरीत उतरता. घाटात खिडकी सोडू नका आणि त्याआधी वडापाव खाऊ नका. मी दोन्ही चुका केल्या. लॉज स्टँडजवळचा, साधा, स्वच्छ. मालकाने निरंजनचे लांब केस पाहून दोनदा विचारलं की सोबत आलेली खरंच सख्खी बहीण का.

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली, ती दाऊदभाईंची. मस्कतला बरीच वर्षं काढून आलेला, पन्नाशीचा, बोलका माणूस. किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलाय, वारा असा की टोपी हातात धरावी लागते. निरंजनला हवं तसं सगळं होतं, फक्त माणसं जास्त होती. त्याने तटावर उभं राहून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एक शाळेची सहल आली. त्याने तोंड मिटलं. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात परत प्रयत्न केला, तिथे दाऊदभाई कौतुकाने बघत उभे. मी त्यांना चहाला घेऊन गेले. परत आलो तर निरंजन वाळूत बसलेला.

"येतच नाही गं," तो म्हणाला. "तुम्ही गेलात तरी कुणीतरी आहे असं वाटतं."

दुपारी एका खानावळीत सुरमई, तांदळाची भाकरी आणि पोट भरेपर्यंत सोलकढी. त्याने सोलकढीला हात लावला नाही, यावरून ओळखा. परतताना एका वाडीत शिमग्याचे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन दारोदार नाचणारी मंडळी, आले होते. ढोलकी, टाळ आणि मधे संकासुर: सगळा काळा पोशाख, काळी टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. नाच झाल्यावर एका म्हाताऱ्याने दारात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे घरच्यांच्या वतीने देवाला साकडं. तो एकेक मागणं मोठ्याने सांगायचा आणि सगळे एका दमात म्हणायचे, "होय म्हाराजा!" निरंजनने रेकॉर्डर चालू केला, आणि मग लॉजवर कानाला हेडफोन लावून तेच परत परत ऐकत बसला.

तिसरा दिवस आरे-वाऱ्याचा. (दोन किनारे, मधे टेकाड. रस्त्यावरून दिसणारा समुद्र पोस्टकार्डाला लाजवेल. सकाळी लवकर जा, सावली अजिबात नाही.) निदान फोटो तरी काढू म्हणून मी निरंजनला रिक्षाच्या आरशासमोर बसवून रंगवलं. नाटकवाल्यांचा सफेदा, वर आईचं काजळ. अंगात काळा झगा. मला म्हणाला, तूही काळं काहीतरी पांघर, मागे धूसर दिसशील. मी पांघरलं. अर्ध्या तासात घामाने त्याचं काजळ गालांवर उतरलं आणि माझ्या मते तो पहिल्यांदाच खरा भयंकर दिसला.

प्यायचं पाणी संपलं म्हणून आम्ही आरे गावातल्या पहिल्याच घरी गेलो. अंगणात आमसुलं वाळत होती. एक आजी बाहेर आली, आम्हाला नखशिखांत पाहिलं आणि आत हाक मारली, "गो सुमन, नारळ आन! खेळे आलं!"

"आजी, आम्ही खेळे नाही," मी म्हटलं. "आम्ही पाणी…"

"पानी देतंय की. आधी गाऱ्हानं घाला. माझा झिलगा बोटीवर हाय, आन कलमांचा मोहोर निम्मा गेला धुक्यात."

तोवर शेजारच्या पाच-सात बायका, दोन म्हातारे आणि एक कुत्रं जमा झालं होतं. मला रस्त्यापर्यंत पळत सुटावंसं वाटत होतं. दाऊदभाई रिक्षातून उतरून आले.

"घाला की," ते निरंजनला म्हणाले. "सोंग चढवलंय ना अंगावर? मग दारातनं तसंच जायचं नसतं. आमच्या वाडीत पन येतात खेळे, आमी नाय कुनाला परत पाठवत."

निरंजनने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी त्याच्या बालवाडीच्या पहिल्या दिवशी पाहिली होती. मी माझ्या गळ्यात अडकवलेल्या त्याच्या रेकॉर्डरचं बटण दाबलं, का ते मला अजून सांगता येणार नाही.

"बा देवा म्हाराजा," तो पुटपुटला.

"होय म्हाराजा!" अंगण म्हणालं.

तो दचकला. मग त्याने डोळे मिटले. "हिचा मुलगा बोटीवर आहे, त्याला सुखरूप घरी आण रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जी काय कैरी धरली आहे ती वाऱ्याला देऊ नको रे म्हाराजा!" आणि इथे तो आवाज आला. पोटातून, खरवडत, थेट त्याच्या बर्फाच्या डोंगरांवरून. कुत्रं पळालं. बाकी कुणी हललं नाही. तो मागत गेला, सुमनसाठी, गुरांसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी, दाऊदभाईंच्या रिक्षासाठीसुद्धा, आणि शेवटचं "म्हाराजा" त्याने असं लांबवलं की माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आजीने नारळ फोडला, गूळ-खोबरं हातावर ठेवलं. "आवाज बरा हाय," ती म्हणाली. "मिठाच्या पान्याच्या गुळन्या कर."

निरंजनला राहवेना. "आजी, आम्ही खरंच खेळे नाही. पुण्याचे आहोत."

"मग? देवाला काय तिकीट बघायचं हाय?"

हसून हसून पोट दुखलं. परतीच्या वाटेवर आदल्या दिवशीच्या खानावळीत निरंजन तीन वाट्या सोलकढी प्यायला, खानावळवाल्याने चौथी फुकट दिली.

शिमग्यात जाणार असाल तर एवढंच सांगते: ग्रामदेवतेच्या पालखीचा फोटो विचारून काढा, दारात नारळ पुढे आला तर नाही म्हणू नका आणि काळे कपडे विचार करून घाला.

पुण्यात आल्यावर निरंजनने संध्याकाळी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं, दार उघडं ठेवून, आईबाबांसमोर. वारा, घुंगरासारखी खुळखुळणारी माझी कॅमेऱ्याची साखळी आणि त्याचा आवाज. सगळं गाण्यात जसंच्या तसं जाणार होतं. बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत एक आवाज सगळ्यांपेक्षा मोठा होता, सुरात नव्हता, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांच्या आधी येत होता.

"ही कोण बाई?" आईने विचारलं.

मला आठवतच नव्हतं की मी तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्या गाण्याला नावं ठेवली आणि त्याने पहिल्यांदा माणसांसमोर गळा मोकळा केला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने साद दिली ती मीच. माझे डोळे भरून आले.

"ताई आहे," निरंजन म्हणाला, आणि त्याने आवाज वाढवला.