फटी बुजवणारे काका

वाऱ्याशी इतकं उघड वैर धरलेला माणूस बुऱ्हाणपुरानं दुसरा पाहिला नसेल. हे माझ्या मैत्रिणीचे, मनीषाचे वडील. राजपुऱ्यात आमच्याच गल्लीत राहतात. मे महिन्यात तापीकाठचे दगड भाजून निघायचे, तेव्हाही काकांच्या कानाला मफलर असायचा. रिक्षात ते मधल्या जागेवरच बसायचे, आणि दोन्ही बाजूंना माणूस बसल्याशिवाय रिक्षा हलू द्यायचे नाहीत. एकदा एका लग्नासाठी मी त्यांच्याबरोबर बसनं दापोऱ्याला गेले. पुढच्या सीटवरच्या बाईला मळमळायला लागलं, तिनं खिडकीला हात घातला, तर हे ताडकन उभे. “बाई, लिंबू घ्या. खिडकी राहू द्या.” बाई म्हणाली, “भाऊ, उलटी होऊन राहिली मला!” “मग पिशवी घ्या,” काका म्हणाले. खिशात पिशवी खरंच होती. दुसऱ्याची खिडकी बंद राहावी म्हणून घरून एवढी तयारी करून निघणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

या वैराचं कारण ते कोणालाही, न विचारता सांगायचे. सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं. कोरडा वारा आत शिरला की सूत सुकतं, ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे तटातट तुटतात, म्हणून कारखान्याच्या खिडक्या बंद ठेवायच्या, हे त्यांचं पहिलं शिक्षण. “माणूस बी ताणाच आहे बेटा. वारा लागला का तुटला.” काम सुटलं तरी कारखान्यातलं वाया गेलेलं सूत ते गोणीनं घरी आणायचे आणि दिवाळीच्या आत घरातली एकूण एक फट त्यानं बुजवून टाकायचे. दार, खिडकी, झरोका, पत्र्याखालची भोकं, काहीच सुटायचं नाही. एकदा भिंतीतल्या चिमणीच्या घरट्याचंही तोंड बुजवलं होतं. काकूंनी भांडून मोकळं करून घेतलं. मनीषा म्हणायची, “आमच्या घरात मच्छर आला तर बिचाऱ्याला परत जायला रस्ता नाही.” त्यावर काका गंभीर व्हायचे. “पण तो आला कुठून?” आणि मग दिवसभर त्या फटीचा शोध.

आता माझं सांगते. मी आणि माझ्यासारख्या काही मुली थंडीत घरोघर पत्रकं वाटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. बिनखिडकीच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे लाल झाले की शेगडी निर्धोक झाली, ही समजूत साफ खोटी आहे आणि ती माणसं मारते. कोंदट न्हाणीघरात गिझर ठोकून जाणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. माणूस झोपेत मेला तर ‘पुण्यवान होता, त्रास नाही झाला’ म्हणून सगळे मोकळे होतात. मला याची चीड येते, आणि ती मी लपवत नाही. काकांनी माझं पत्रक दारात उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग कागद बोटांनी चाचपला. “चांगला जाड आहे,” असं म्हणून त्याची घडी घातली आणि दाराच्या बिजागरीजवळच्या फटीत बसवली. “अजून एक असेल का?” त्यांनी विचारलं. मी पाय आपटत घरी आले.

त्याच थंडीत मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला मालीश आणि अंघोळ झाली की बाजेवर निजवतात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतात, वर ओव्याची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून दार बंद. इथं तर घरात काका! लेकीच्या खोलीसाठी त्यांनी नवंकोरं पांढरं सूत आणलं होतं आणि एकेक फट हातानं, मायेनं बुजवली होती. मी बाळ बघायला गेले, तर मनीषा डोकं धरून पडलेली. “फुटून राहिलं गं डोकं. मळमळतं पण. रोज शेक घेतला का असंच. अंगणात बसलं का उतरतं.” काकू म्हणाल्या, “वात आहे तो,” आणि तिच्या डोक्याचं फडकं आणखी आवळलं.

हीच तर त्या वायूची लक्षणं. मी म्हटलं, शेगडी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, खिडकी उघडा. काका भडकले. “ओल्या बाळंतिणीला वारा लावू? तुझं पत्रक लिहिणारा बाळंतपण काढायला येणार आहे का?” मी धावत घरी गेले. लोकांना दाखवायला आम्ही हा वायू ओळखणारा एक अलार्म मागवून ठेवला होता. तो आणला आणि बाजेच्या डोक्याशी ठेवला.

“धूर नाही, वास नाही. हे काय पकडणार?” काकांनी विचारलं.

“जे आपल्या नाकाला कळत नाही तेच.”

“बरं, राहू दे. अगं, पाहुण्याला चहा विचार,” त्यांनी काकूंना हाक मारली.

चहाला उकळी फुटायच्या आत अलार्म कर्कश किंचाळायला लागला. “बंद कर ते!” काका ओरडले. “बाळ जागं होईल!”

बाळ जागं झालं नाही.

काकांनी एकदा नातीकडे पाहिलं. तिला उचलून ते बाहेर धावले. मी आणि काकूंनी मनीषाला बगलेत हात घालून ओढत अंगणात आणलं. तिचे पाय चालतच नव्हते. बाहेर बोचरा वारा सुटला होता. काकांनी त्या एवढ्याशा जिवाचं टोपडं सोडलं आणि तिचं तोंड वाऱ्याकडे केलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती रडली. दवाखान्यात नेताना रिक्षाचा पडदा त्यांनी स्वतःच गुंडाळून वर बांधला. दोघींना ऑक्सिजन लावला, दोघी वाचल्या.

घरी आल्यावर काका कोणाशी धड बोलेनात. खोलीतलं सूत त्यांनी काढून टाकलं, शेगडी अंगणात गेली, अलार्म खोलीतच राहिला. एका दुपारी काकू आत होत्या, तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं.

“मनीषाच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. बारशाच्या आधीच गेला. मनीषा होती त्याच खोलीत. असेच थंडीचे दिवस.”

मला हे माहीत नव्हतं.

“सगळे म्हणाले, वारा लागला. शेगडी मीच भरून देत होतो. तुझी काकू म्हणायची, अजून थोडे निखारे टाका, गार वाटून राहिलं. तो वारा नव्हता काय?”

असले प्रश्न पत्रकात नसतात. मी म्हटलं, “काका, आता ते कोणालाच सांगता येणार नाही.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “तू घराघरात सांगत फिर. माझ्याही दारात उभी राहून सांग. पण हे तुझ्या काकूला नको सांगू. तिनं ते वाऱ्याच्या नावावर टाकलंय. तिथंच राहू दे.”

मी कधीच सांगितलं नाही. काकाही काकूंसमोर वाऱ्याला पूर्वीसारख्याच शिव्या देत राहिले, थोड्या जास्तच मोठ्यानं. मनीषाची मुलगी आता शाळेत जाते. काकू मागच्या पावसाळ्यात आजारपणानं गेल्या. परवा मी काकांना विचारलं, “तुमच्यावर लिहू का? तुमचं नाव नाही टाकणार.”

त्यांनी आतल्या घराकडे बघितलं.

“लिही,” म्हणाले. “आता कोणापासून लपवायचं?”