जितकं चावाल तितकं गोड

गणेशगुडीच्या लॉजवर पक्षी बघायला परदेशी पाहुणे येतात. त्यांना रानात फिरवणं हे माझं काम. गेल्या वर्षभरात मोबाईलवरून स्पॅनिश शिकले आणि जरा शेफारलेच. आपल्या जितकं-तितकंला त्यांच्याकडे ‘क्वांतो मास... मास’ म्हणतात. जितकं चढाल तितकं लांबचं दिसेल, जितके गप्प बसाल तितके पक्षी जवळ येतील, असं दिवसभर ऐकवायचे. जितकी स्पॅनिश वाढली तितकं गुंद गावी आईकडे जाणं कमी झालं, हे वाक्य मात्र मला कधी सुचलं नाही.

फेब्रुवारीत एका स्पॅनिश जोडप्याला हौसेनं घरी नेलं. आई सरपणाला गेली होती. चुलीमागच्या टोपलीत, राखेत, चार-पाच कंद दिसले. राखेतले कंद बियाण्याचे, त्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण परसात आणखी असतीलच असं धरून मी ते निखाऱ्यांत भाजायला घातले. पाहुणे मिटक्या मारत होते आणि मी सांगत होते, जितकं चावाल तितकं गोड. एकदाही अडखळले नाही.

आई आली. तिनं टोपलीकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. मिरचीची चटणी वाटून त्यांना वाढली. ते गाडीत जाऊन बसल्यावर एवढंच म्हणाली, "परसातलं समदं डुकरांनी उकरलं गं. तेवढंच ऱ्हायलं हुतं."

ते बी तिच्या माहेरचं. माहेर सुपा धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा पदरात बांधून आणलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर अणशीपर्यंत घरोघर विचारत फिरले, पण तसा कंद कुणाकडेच नाही.

लावणीच्या दिवसांत घरी गेले, तर आईनं परसात कंदांसाठी नेहमीसारखी माती ओढून ठेवलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या पावण्यांनी एकांदा कच्चा कंद संगं न्हेला आसंल का? इचारून तर बघ."

विचारते, म्हटलं. पण विचारण्यासारखं काही नव्हतं. त्या बाईनं खरोखरच एक कच्चा कंद आठवण म्हणून उचलला होता. जितका गरम तितका गोड, असं सांगून तोही मीच तिच्या हातातून घेऊन निखाऱ्यांत सारला होता.