तोंड दिसता मगे?

जगातली सगळ्यात चकचकीत मोटारसायकल माझ्या मामांकडे आहे, हे मी कोणापुढेही छातीठोकपणे सांगू शकते. ती दाखव म्हणाल तर मात्र थोडा वेळ लागेल. कारण तिचा सायलेन्सर पलंगाखाली आहे, मडगार्ड तांदळाच्या पिंपामागे चादरीत गुंडाळलेला आहे, चेन रॉकेलच्या डब्यात बुडवलेली आहे, आणि नटबोल्ट मामीच्या लोणच्याच्या बरणीत आहेत. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत ती बरणी खरोखरच वाढायला आली, तेव्हापासून मामांनी तिच्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मी कॉलेजची तीन वर्षं गोव्यात, चोपड्याला मामांच्या घरी काढली. त्या तीन वर्षांत ती मोटारसायकल दोन चाकांवर उभी असलेली मी एकदाही पाहिली नाही.

मामा पूर्वी पायलट होते. गोव्याबाहेरच्या माणसांसाठी सांगायला हवं की विमान चालवणारे नव्हेत; मोटारसायकलच्या मागच्या सीटवर उतारू बसवून त्याला हवं तिथे पोचवणारे. पूल नव्हता तेव्हा चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागली की मामा पुढे व्हायचे आणि माणसं हरमलपर्यंत नेऊन सोडायचे. पुढे पूल झाला, धक्क्यावरची गर्दी गेली, तरी मामा गाडी चालवतच राहिले. मग एके दिवशी त्यांनी ती पडवीत घेतली, पुसली आणि खोलली. मामीने विचारलं तेव्हा म्हणाले, "पॉलिश करतंय. आठ दिसांत जोडतंय." त्या आठ दिवसांतच कधीतरी मी माझी पत्र्याची पेटी घेऊन तिथे राहायला आले. बाबा शिरगावला खनिजाच्या ट्रकवर होते. खाण थांबली तसे ते परत गावी, सिंधुदुर्गात शेतीला गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पेडण्याचं कॉलेज चोपड्याहून बसने जाण्याजोगं, म्हणून आईने मला तिच्या भावाकडे ठेवलं.

मामांचं काम सकाळी पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याबरोबर सुरू व्हायचं. आधी चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग आठशेचा, मग बाराशेचा, शेवटी दोन हजारचा. त्यानंतर मेणासारखी पॉलिशची वडी, आणि सगळ्यात शेवटी मामीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. नायलॉन त्यांना चालायचं नाही, आणि नवं सुतीही नाही. किमान पाच वर्षं धुतलेलंच हवं. त्यामुळे मामी दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर नजर ठेवून असायची. "लग्न झाल्यापासून माझ्याकडे एवढा निरखून बघूक नाय," ती मला ऐकवायची, "पण माझा लुगडा खय विरला ता ह्यांका बरोबर समाजता."

तुकडा चमकला की परीक्षा असे. मामा तो समोरच्या माणसापुढे धरत आणि विचारत, "तोंड दिसता मगे?" तोंड दिसतं ना, या प्रश्नातून कोणी सुटत नसे. पोदेराने हेडलाइटच्या रिंगमध्ये तोंड पाहिल्याशिवाय मामा त्याच्याकडून पाव घेत नसत. हरमलचा रस्ता चुकून आलेल्या एका गोऱ्या पाहुण्यापुढेही त्यांनी ती रिंग धरली. त्याला प्रश्न कळला नाही, पण त्याने खिशातून कंगवा काढून शांतपणे भांग पाडला. मामा आठवडाभर खुशीत होते. "बघ, इंग्लिशान पण पास," ते म्हणाले.

मला ते रोज विचारत आणि मी रोज "दिसता, मामानू" म्हणत असे. तेव्हा माझा स्वभावच तसा होता. वर्गात सर "कळलं का?" विचारायचे तेव्हाही मी मान हलवायची, आणि खरं तर मला अर्धंही कळलेलं नसायचं. सगळं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. हे मामांना कसं समजलं ठाऊक नाही. त्यांनी मला पडवीत बसवलं आणि फर्मान काढलं, "मोठ्यान वाच. घासताना कायतरी आवाज व्हयो." अर्थशास्त्राचं पुस्तक मी वाचायची आणि मामा घासायचे. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण इंजिन ऐकणारा कान होता. मी अडखळून शब्द गिळला की हात थांबायचा. "थांब गो बाय. हय मिसिंग मारता. परत घे." मग मी ते वाक्य परत घ्यायची, ते न अडखळता चालेपर्यंत. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत माझा आवाज फुटला तो त्या पडवीमुळे. अशी शिकवणी कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या चतुर्थीआधी ती गोष्ट घडली. मामी दरवर्षी समया आणि तांब्याची भांडी बिंबलांनी घासते. ती आंबट हिरवी फळं आणि मीठ चोळलं की दहा मिनिटांत समई सोन्यासारखी दिसते. मामांना याचा मनातून फार राग. ज्या कामाला त्यांना तीन महिने लागतात ते बायको चुलीवरच्या डाळीकडे बघत बघत उरकते! या वेळी त्यांना राहवलं नाही. त्यांनी मामीची अर्धी टोपली बिंबलं पळवली, ती ठेचली, मीठ घातलं, आणि इंजिनचं कव्हर दोन दिवस त्यात बुडवून ठेवलं. पितळेला जे मानवतं ते ॲल्युमिनियमला मानवत नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा मामांनी कव्हर पुसून लुगड्याच्या तुकड्यावर ठेवलं होतं. ते काळं पडलं होतं. डागडाग, जळक्या तव्यासारखं. मामांनी ते दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं.

"तोंड दिसता मगे?"

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कव्हराकडे पाहत नव्हते, माझ्या आवाजाकडे कान लावून होते. त्या क्षणी पोदेर, गोरा पाहुणा, मी, सगळ्यांना विचारलेला तो प्रश्न मला पहिल्यांदा समजला. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं म्हणून ते विचारत होते. "दिसता" म्हणणं सोपं होतं. ते खूश झाले असते, आणि उद्या दुसरा तुकडा घेऊन बसले असते.

"नाय, मामानू," मी म्हटलं. "दिसणा नाय. काळा पडला."

ते बराच वेळ त्या कव्हरावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बोटान माका पुसतानाच सांगलेला. तू काय सांगतस ता बघूक व्हया होता." आणि आवाज खाली आणून, मामीला ऐकू जाऊ नये म्हणून, "वळणावर म्हस उभी होती गो. माका दिसाक नाय. पाठी माणूस बसलेलो. वाचलो दोघव. त्याच दिसा गाडी खोललंय. खोललेली आसा तवसर कोण म्हणाचो नाय, मामाक दिसणा नाय. म्हणतले, पॉलिश चलता."

डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर गाडी कायमची बंद करतील, ही मामांची भीती होती. चतुर्थी सरल्यावर मी त्यांना घेऊन गेले. त्याच आठवड्यात वर्गात मी हात वर करून "सर, नाही कळलं" म्हटलं, तेही इथे सांगून टाकते. मामांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दुसऱ्या डोळ्याची नस सुकली होती, तिथे काही करता आलं नाही. एका डोळ्यावर गाडी चालवायची नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामा "बरां" म्हणाले, बस्स.

पट्टी निघाल्यावर त्यांनी सगळे भाग पडवीत मांडायला लावले. एकेक उचलून उन्हात धरत गेले. "ह्या तू पास केलंस? ह्या ओरखड्यासकट? आणि ह्यो? ह्यो पोदेरान पास केलो! येवंदे तो फाल्या सकाळी!" मी मागे उभी राहून बोलणी खात होते. हेडलाइटची रिंग उचलल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. रिंगमध्ये त्यांच्या खांद्यामागून माझं तोंड दिसत असावं. "बारीक झालंस गो," ते म्हणाले. "इलंस तेवा गालार मास होता, असा तुझी मामी सांगी." दीड वर्ष मी त्यांच्यासमोर बसून वाचत होते, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहत होते.

मग त्यांनी सगळं काम चारशे नंबरपासून पुन्हा सुरू केलं.

आता मी पणजीला एम.ए. करते. निघताना मामांनी ती रिंग लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या पिशवीत घातली. हॉस्टेलच्या खिडकीत मी ती टांगली आहे आणि सकाळी तिच्यात बघूनच वेणी घालते. चोपड्याला कोणी विचारलं की गाडी कधी जोडणार, तर मामा म्हणतात, "काय करतलंय? रिंग चेडवाकडे आसा. ती हाडल्याशिवाय जोडतलंय कशी?" दर सुट्टीत मी चोपड्याला जाते. मामा माझ्या पिशवीकडे बघत विचारतात, "रिंग हाडलंस?" मी म्हणते, "विसारलंय, मामानू." ते मान हलवतात, पेपर पाण्यात बुडवतात आणि म्हणतात, "बरां. बस, वाच कायतरी."